एका पत्राची किंमत: मार्शल पेंग देहुआय यांची गोष्ट

चिनी नववर्षाचा पहिला दिवस. हुनान प्रांतातल्या एका खेड्यात शेजारीपाजारी फटाके वाजवत होते आणि एका घरात तांदळाचा दाणा नव्हता. आई गेलेली, वडील आजारी. सत्तरी उलटलेल्या आजीने दहा वर्षांच्या नातवाला आणि त्याच्या धाकट्या भावाला भीक मागायला धाडलं. हिंडत हिंडत दोघं एका म्हाताऱ्या मास्तरांच्या दाराशी आले. मास्तरांनी विचारलं, "लक्ष्मी घेऊन येणारी मुलं का रे तुम्ही?" सणाच्या दिवशीचा शुभ प्रश्न, त्याला ‘हो’ म्हणायचं असतं. थोरला म्हणाला, "नाही, आम्ही भिकारी आहोत." धाकट्याने लगेच ‘हो’ म्हणून वेळ सावरली. अर्धा वाडगा भात आणि मांसाचा छोटासा तुकडा मिळाला, तो त्या धाकट्याला.

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच थोरला भुकेने कोसळला. दुसऱ्या दिवशी आजी पुन्हा निघाली तेव्हा तो म्हणाला, मी येणार नाही. लहानपणी बांधून आखूड केलेल्या पावलांनी, हातात काठी घेऊन, चार वर्षंही पुरी न झालेल्या सगळ्यांत धाकट्या नातवाला सोबत घेऊन म्हातारी बर्फातून चालत गेली. थोरला डोंगरात लाकडं तोडायला गेला आणि मोळी विकून मिठाची पुडी घेऊन आला. रात्री आजीने भिकेचे तांदूळ शिजवले. त्याने त्या भाताला हात लावला नाही.

हा मुलगा म्हणजे पेंग देहुआय, पुढे चीनच्या दहा मार्शलांपैकी एक, कोरियात अमेरिकेच्या फौजेसमोर उभा राहिलेला सेनापती आणि चीनचा संरक्षणमंत्री. वरची हकिकत त्यांनीच लिहून ठेवली आहे. लिहिली तीही कैदेत, चौकशी अधिकाऱ्यांनी ‘तुझा इतिहास लिही’ असं फर्मावल्यावर. त्यांचं सगळं आयुष्य वाचून झालं की मी पुन्हा त्या मास्तरांच्या दाराशीच येतो. पन्नास वर्षांनी त्यांना तसाच प्रश्न पुन्हा विचारला गेला आणि त्यांनी उत्तर बदललं नाही.

आपल्याकडे माओ माहीत असतात, चौ एन-लाय माहीत असतात. पेंग फारसे कुणाला ठाऊक नसतात. पण चीनमध्ये सैन्य, पक्ष आणि सत्ता यांची गुंतागुंत कशी चालते हे कळून घ्यायचं असेल, तर या माणसाच्या आयुष्याइतका सोपा धडा दुसरा नाही.

आधी एक गाठ सोडवून घेऊ

आपल्याकडे सैन्य देशाचं असतं. सरकार बदललं तरी सैन्य तेच राहतं आणि सेनापती राजकारणापासून दूर असतो. चीनची ‘जनमुक्ती सेना’ मात्र देशाची नव्हे, कम्युनिस्ट पक्षाची सेना आहे. ती जन्मालाच पक्षाच्या पोटी आली. देश म्हणजे आजचं प्रजासत्ताक, ते १९४९ साली आलं. सेना त्याच्या बावीस वर्षं आधीपासून आहे. प्रत्येक तुकडीत लढाईचा प्रमुख वेगळा आणि त्याच्या बरोबरीने पक्षाचा राजकीय अधिकारी वेगळा. बंदुकीवर हुकूम पक्षाचाच चालला पाहिजे, हा माओंचा नियम.

याचा एक परिणाम लक्षात ठेवा. तिथला मोठा सेनापती पक्षाच्या सर्वोच्च मंडळातही बसतो. त्यामुळे शेती, पोलाद, धान्य यांवर बोलण्याचा त्याला हक्क असतो. पण तो बोलला की समोरच्याला आधी दिसते ती त्याच्यामागची फौज.

खाणीतून फौजेत

पेंग यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८९८ चा, हुनानच्या शियांगतान जिल्ह्यातला. माओही त्याच जिल्ह्याचे. पण माओंच्या वडिलांकडे जमीन होती, धान्य विकण्याइतकी. पेंग पोरवयात कोळशाच्या खाणीत राबले आणि खाणीचा मालक मजुरी बुडवून पळाला. दुष्काळात गावकऱ्यांनी साठेबाजाचं कोठार फोडलं, त्यात हे होते, म्हणून गाव सोडावं लागलं. मग दोंगतिंग सरोवराच्या बांधावर मातीच्या पाट्या वाहिल्या. १९१६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते हुनानच्या एका सरदाराच्या फौजेत साधे शिपाई म्हणून भरती झाले. कारण एकच, पोट.

शिपायापासून रेजिमेंटच्या प्रमुखापर्यंत ते याच फौजेत चढले. पुढे ही फौज च्यांग कै-शेक यांच्या राष्ट्रवादी सेनेत सामील झाली. १९२८ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे च्यांग यांनी कम्युनिस्टांची कत्तल सुरू केल्यानंतर वर्षभराने, पेंग गुपचूप पक्षात शिरले. पक्षाचं सभासदत्व म्हणजे मरण, असा तो काळ. तीन महिन्यांत पिंगजियांग गावात त्यांनी आपली रेजिमेंट घेऊन उठाव केला आणि वर्षअखेरीस ते माओंच्या डोंगरी तळावर पोचले.

पुढच्या वीस वर्षांतल्या लढायांची जंत्री देत नाही. लाँग मार्चमध्ये, म्हणजे च्यांग यांच्या वेढ्यातून निसटून कम्युनिस्टांनी केलेल्या लांबलचक माघारीत, ते आघाडीच्या फौजेचे प्रमुख होते. १९३५ मध्ये मोहीम संपता संपता त्यांनी पाठलागावरच्या घोडदळाला मागे फेकलं, तेव्हा माओंनी खूश होऊन त्यांच्यावर छोटी कविता लिहिली. शेवटच्या ओळीत सगळा पराक्रम ‘आमच्या पेंग सेनापतीचा’ होता. पेंग यांनी ती ओळ खोडली, तिथे ‘आमच्या शूर लाल सेनेचा’ असं लिहिलं आणि कागद परत दिला.

जपानविरुद्धच्या युद्धात ते आठव्या मार्ग सेनेचे उपसेनापती होते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या सेनेच्या जखमींवर उपचार करता करता १९४२ साली तिकडेच वारले, तीच ही सेना. ऑगस्ट १९४० मध्ये पेंग यांनी उत्तर चीनमध्ये जपान्यांचे रेल्वेमार्ग, पूल आणि खाणी उखडण्याची मोठी मोहीम काढली. शंभराहून अधिक रेजिमेंटी उतरल्या म्हणून तिला ‘शंभर रेजिमेंटांची मोहीम’ म्हणतात. त्या वेळचा एक फोटो चीनमध्ये सर्वांना ठाऊक आहे: खंदकाच्या मातीला टेकून, शरीर पुढे झोकून, दुर्बिणीतून शत्रूकडे बघणारे पेंग. मोहिमेने जपान्यांना हादरा बसला, पण त्यांनी सूड म्हणून गावंच्या गावं जाळली. आपली ताकद शत्रूला उगाच दाखवली, असा ठपका पक्षाने पुढे पेंग यांच्यावर ठेवला. १९४५ मध्ये येनानला बैठकीमागून बैठकी घेऊन, जवळपास चाळीस दिवस, त्यांना धारेवर धरलं गेलं. ते चाळीस दिवस ते कधीच विसरले नाहीत.

सेनापती म्हणून त्यांची खरी कसोटी मला १९४७ सालात दिसते. राष्ट्रवादी फौजेने कम्युनिस्टांची राजधानी येनान घेतली. शत्रूकडे दोन लाखांवर सैनिक, पेंग यांच्याकडे पंचवीस हजारांच्या आसपास. त्यांनी शहर सोडून दिलं आणि शत्रूला डोंगरदऱ्यांत फिरवायला सुरुवात केली. मोठी फौज सोबत मोठी शिदोरी घेऊन चालते, दमते आणि कुठेतरी तिची एक तुकडी सुटी पडते. पेंग तिची वाट बघत बसायचे. सहा आठवड्यांत अशा तीन तुकड्या त्यांनी गिळल्या. तिसऱ्या ठिकाणी, पानलोंगला, तर शत्रूचं कोठारच हाती लागलं. हजारो पोती पीठ आणि उन्हाळी गणवेश मिळाले आणि फाटक्या कपड्यांतली ही फौज शत्रूच्या खर्चाने सजली. हा गनिमी कावा मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको.

कोरिया

४ ऑक्टोबर १९५० रोजी शिआनला अचानक विमान आलं आणि पेंग यांना बीजिंगला घेऊन गेलं. ते पश्चिम चीनच्या विकासाचे कागद काखोटीला मारून निघाले होते. बैठकीत बसल्यावर कळलं, विषय वेगळाच आहे. अमेरिकेच्या नेतृत्वाखालची फौज उत्तर कोरियात शिरून चीनच्या सीमेकडे येत होती. लढायचं की नाही? बरेच जण नको म्हणत होते. ज्यांना सेनापती करायचं माओंच्या मनात होतं, त्या लिन बियाओ या नावाजलेल्या सेनानीने आजारपण सांगितलं.

पेंग यांना त्या रात्री हॉटेलात झोप लागेना. गादी फार मऊ वाटली, म्हणून ते खाली जमिनीवर येऊन झोपले. तरी डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी लढाईच्या बाजूने मत दिलं आणि सेनापतिपद स्वीकारलं. १९ ऑक्टोबरला ते यालू नदी ओलांडून कोरियात गेले.

चीनकडे विमानं जवळपास नव्हती, रणगाडे नव्हते, ट्रक मोजके होते. मग जगातल्या सर्वांत सुसज्ज फौजेला या सैन्याने शेकडो किलोमीटर मागे कसं रेटलं? सैनिक रात्री चालत आणि दिवसा झाडीत, बोगद्यांत दडून राहत, त्यामुळे अडीच लाखांवर माणसं सीमेपलीकडे आली तरी विमानातून दिसलीच नाहीत. पेंग यांनी पहिल्या धडकेनंतर मुद्दाम माघार घेतली, आपण थोडके आणि घाबरलेले आहोत असं भासवलं. अमेरिकी सेनापती मॅकआर्थर निर्धास्त पुढे आले आणि नोव्हेंबरच्या अखेरीस सापळा मिटला.

पण या यशाला एक मर्यादा होती. तिचं नाव भूक. सैनिकांच्या खांद्यावर कापडी नळीत भाजलेलं पीठ असायचं, आपल्या सातूच्या पिठासारखं. चूल पेटवली तर धूर दिसतो आणि विमान येतं. म्हणून मूठभर पीठ तोंडात टाकायचं आणि वर मूठभर बर्फ. हे पीठ आणि अंगावरची काडतुसं आठवडाभर पुरायची. म्हणजे चिनी हल्ला आठवडाभर चालायचा, मग आपसूक थांबायचा. नवे अमेरिकी सेनापती रिजवे यांनी हे गणित ओळखलं: आठवडाभर मागे सरकायचं, चिन्यांची शिदोरी संपू द्यायची, मग उलट धडक मारायची.

४ जानेवारी १९५१ ला सोल हाती आलं. चीनमध्ये जल्लोष झाला. पेंग मात्र धास्तावले होते. वरून दक्षिणेकडे आणखी रेटा म्हणून दबाव येत होता आणि सैनिकांचे पाय बर्फाने काळे पडत होते. फेब्रुवारीत ते थेट बीजिंगला गेले. माओ झोपले होते. त्यांना उठवून पेंग यांनी तोंडावर सांगितलं की हे युद्ध झटपट जिंकता येणार नाही. माओंनी ऐकून घेतलं. जमलं तर लवकर जिंका, नाही जमलं तर सावकाश, असं म्हणाले. म्हणजे १९५१ साली खरं सांगणं अजून चालत होतं.

तरीही वसंतातली पाचवी मोहीम फसली. एक अख्खी डिव्हिजन वेढ्यात सापडून बहुतेक नष्ट झाली. त्या चुकीत पेंग यांचाही वाटा होता आणि पुढे त्यांनी तो कबूल केला. चीनच्या अधिकृत मोजणीत या युद्धात १ लाख ९७ हजारांवर माणसं गेली. त्यात माओंचा थोरला मुलगा आनयिंग होता. तो पेंग यांच्या मुख्यालयात रशियन दुभाष्या म्हणून काम करायचा. २५ नोव्हेंबर १९५० ला तिथे आगीचे बॉम्ब पडले. मुलाचं शव चीनला आणावं का, असा प्रश्न पुढे आला तेव्हा पेंग यांनीच कळवलं की इतर सैनिकांसारखं त्यालाही कोरियातच राहू द्यावं. माओंचा पुढचा राग या मृत्यूतून आला, असं पुष्कळ जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्या रागाला पुरेसं कारण नंतर घडलं.

जुलै १९५३ मध्ये केसोंगला पेंग यांनी युद्धबंदीवर सही केली. त्यानंतर घरी परत जायला नकार देणाऱ्या २२ हजारांवर युद्धकैद्यांची राखण जनरल थिमय्यांच्या हाताखालच्या भारतीय जवानांनी केली.

लूशानचं पत्र

१९५४ मध्ये पेंग संरक्षणमंत्री झाले, १९५५ मध्ये मार्शल. हुद्दे, पगार, सक्तीची भरती, लष्करी शाळा अशी सैन्याची नवी घडी त्यांनी बसवली. माओंची व्यक्तिपूजा त्यांना खुपायची. जुन्या सवयीने ते माओंना ‘लाओ माओ’, म्हणजे आपल्याकडचं ‘काय माओबा’, असंच म्हणत राहिले. बाकीचे केव्हाच ‘अध्यक्ष’ म्हणायला लागले होते.

त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. जीभ तिखट, राग नाकावर. १९५८ मध्ये सैन्यात ‘पुस्तकी वृत्ती’विरुद्ध मोहीम निघाली, तेव्हा सु यू यांच्यासारख्या असामान्य सेनापतीला पदावरून जावं लागलं आणि आजारी मार्शल लिऊ बोचेंग यांना सभेत उभं राहून स्वतःच्या चुका वाचाव्या लागल्या. ती सभा चालवण्यात पेंग पुढे होते. वर्षभराने तोच चरक त्यांच्यावर फिरला. हे विसरून त्यांना निव्वळ हुतात्मा करणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

त्याच वर्षी माओंची ‘मोठी झेप’ सुरू झाली. खेड्याखेड्यांत कम्यून, म्हणजे सगळ्यांची जमीन एकत्र करून केलेली सामुदायिक शेती, सामुदायिक भोजनगृहं आणि परसातल्या मातीच्या भट्ट्यांत पोलाद. घरातल्या कढया आणि तवे वितळवले गेले, शेतातली धडधाकट माणसं भट्टीवर गेली आणि उभं पीक शेतात कुजलं. वर कळवलेले आकडे मात्र फुगत गेले. प्रत्येक पातळीवरचा अधिकारी थोडी भर घालायचा. १९५८ चं धान्य ३७ कोटी ५० लाख टन झाल्याचं जाहीर झालं. खरं उत्पादन २० कोटी टनांच्या घरात होतं. सरकारी वसुली व्हायची ती फुगवलेल्या आकड्यावर, आणि जायचं ते शेतकऱ्याच्या घरचं बी-बियाणंसुद्धा.

डिसेंबर १९५८ मध्ये पेंग आपल्या गावी गेले आणि त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं. भुकेचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

जुलै १९५९ मध्ये लूशानच्या थंड हवेच्या डोंगरावर पक्षाची बैठक भरली. पेंग माओंशी एकट्याने बोलायला गेले. माओ नुकतेच झोपल्याचं पहारेकऱ्याने सांगितलं. कोरियाच्या वेळी त्यांना उठवणारा हा माणूस या वेळी मागे फिरला आणि रात्री पत्र लिहायला बसला. ते १४ जुलैला माओंच्या हाती पडलं.

पत्र बंडखोरीचं नव्हतं. सुरुवातीला झेपेचं कौतुक आहे, मग आकडे फुगवल्याबद्दल आणि घाईबद्दल सावध शब्द आहेत. पण दोन ठिकाणी ते बोचलं. एक, पोलादाच्या भट्ट्यांबद्दल ‘तोटा आणि नफा’ असं लिहिलं, तोटा आधी. दोन, ‘क्षुद्र भांडवलदारी उन्माद’ असा शब्द वापरला. पक्षाच्या भाषेत ही मोठी शिवी.

खासगी पत्र माओंनी छापून सगळ्यांना वाटलं आणि २३ जुलैला भाषण केलं. सूर असा, की सैन्य माझ्यामागे येणार नसेल तर मी खेड्यांत जाईन, शेतकऱ्यांना घेऊन नवी लाल सेना उभी करेन. एवढं ऐकल्यावर धान्याचा प्रश्न उरलाच नाही. आता निवड होती माओ की पेंग. पेंग नुकतेच रशिया आणि पूर्व युरोपच्या दौऱ्यावरून आले होते, म्हणून परक्यांशी संगनमताचा संशयही जोडला गेला. त्यांना ‘पक्षविरोधी टोळी’चे म्होरके ठरवलं. लाल सेनेचे जुने सरसेनापती, वृद्ध चू दे यांनी पेंग यांच्यावर मवाळ टीका केली, तेव्हा माओंनी पाय उचलून बुटावरून खाजवून दाखवलं म्हणतात: असं वरवर खाजवून काय उपयोग?

संरक्षणमंत्रिपद लिन बियाओ यांच्याकडे गेलं. म्हणजे १९६२ साली आपल्या सीमेवर चिनी सैन्य उतरलं, तेव्हा पेंग तीन वर्षांपासून घरी बसलेले होते.

या प्रकरणाची खरी किंमत पेंग यांनी नाही, शेतकऱ्यांनी मोजली. लूशाननंतर ‘उजव्या’ विचारांच्या लोकांची झाडाझडती निघाली, तीस लाखांवर कार्यकर्त्यांवर शिक्का बसला आणि खरा आकडा सांगायला कुणी धजेना. ओसरू लागलेली झेप पुन्हा जोराने सुरू झाली. त्या दुष्काळातल्या मृत्यूंचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. त्या पत्रावर शांतपणे चर्चा झाली असती, तर त्यातली किती माणसं वाचली असती, हा विचार मला सुन्न करतो.

पाऊण गुंठ्यापेक्षा कमी जमीन

पेंग यांनी मार्शलचा गणवेश परत केला आणि बीजिंगबाहेर एका जुन्या वाड्यात राहायला गेले. तिथे त्यांनी भाजी लावली, तळं खणून कमळं लावली. आणि एक ‘फन’ जमीन बाजूला काढून तिच्यात गहू पेरला. फन म्हणजे आपला पाऊण गुंठाही नाही. वर्तमानपत्रांत साडेसहा गुंठ्यांच्या एका ‘मू’मागे हजारो किलो धान्य निघाल्याच्या बातम्या छापून आल्या होत्या. चांगलं खत घालून, चांगली राखण करून प्रत्यक्षात किती निघतं, ते त्यांना स्वतः तोलून बघायचं होतं.

१९६२ मध्ये त्यांनी ऐंशी हजार अक्षरांचं लांबलचक निवेदन लिहून स्वतःवरचे आरोप खोडले. कुणी ऐकलं नाही. १९६५ मध्ये माओंनी त्यांना बोलावून घेतलं आणि खरं कदाचित तुमच्याच बाजूला असेल, असं म्हणाल्याचं पेंग यांनी नोंदवून ठेवलं आहे. त्यांना सिचुआनला कामावर पाठवलं गेलं. वर्षभरात सांस्कृतिक क्रांती, म्हणजे पक्षातल्याच जुन्या नेत्यांविरुद्ध माओंनी काढलेली मोहीम, पेटली. १९६६ च्या डिसेंबरमध्ये लाल रक्षकांनी, म्हणजे माओंच्या तरुण अनुयायांनी, त्यांना पकडून बीजिंगला आणलं, गळ्यात पाटी अडकवून मिरवलं, सभांमध्ये मारलं. एका मारहाणीत बरगड्या मोडल्या. चौकशा शंभरावर झाल्या. ‘मी माओंविरुद्ध कट केला’ एवढं एक वाक्य हवं होतं. ते त्यांनी दिलं नाही. त्याऐवजी कागदावर आजीची आणि मास्तरांच्या दाराची हकिकत उतरली.

२९ नोव्हेंबर १९७४ ला ते कर्करोगाने वारले. मूलबाळ नव्हतं, भावाची मुलगी, त्यांनी सांभाळलेली, तिला नंतर कळवलं गेलं. दहन खोट्या नावाने झालं. अस्थींच्या पेटीवर ‘वांग छुआन’ असं लिहून ती छंगदूला पाठवली गेली आणि चार वर्षं कुणा अनोळखी माणसाची म्हणून तिथे पडून राहिली. डिसेंबर १९७८ मध्ये पक्षाने ठपका मागे घेतला, पेटी विमानाने बीजिंगला आली आणि शोकसभेत डेंग शियाओपिंग बोलले. पुतणीने १९६२ च्या निवेदनाचा मसुदा इतकी वर्षं हुनानच्या घरात लपवून ठेवला होता. तिने तो पक्षाच्या हवाली केला. अस्थी १९९९ साली गावी नेऊन पुरल्या.